प्रश्न तुमचे : हॉटेलातले पाणी, वीज, कपडे आणि कचरा

पर्यावरणपूरक हॉटेल या विषयावर आलेल्या पत्रांतून निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. काहींचे उत्तर दोन-चार ओळींत संपते, काहींना बरीच जागा लागली. स्वागतकक्षातल्या कुंड्या आणि खोलीच्या किल्लीची लाकडी कीचेन यांबद्दलची पत्रे मागे ठेवली. हॉटेलचे पाणी आणि वीज जिथे खरोखर जाते, ती जागा पाहुण्याला दिसतच नाही. म्हणून बॉयलर, लॉन्ड्री, एसी आणि स्वयंपाकघर यांना आधी मान दिला आहे.

प्रश्न : आमचे ४० खोल्यांचे हॉटेल आहे. सौर पॅनेल बसवा, सांडपाणी प्रकल्प घाला, सगळे दिवे बदला, असे सल्ले मिळतात. पैसा मर्यादित आहे. सुरुवात कुठून करावी?

मीटरपासून. पूर्ण इमारतीला विजेचा एक आणि पाण्याचा एक मीटर असेल, तर कोणताही सल्ला खरा की खोटा हे तुम्हाला कधीच कळणार नाही. लॉन्ड्री, स्वयंपाकघर, गरम पाण्याची यंत्रणा आणि एसी या चार ठिकाणी उपमीटर बसवा. रोज एकाच वेळी, शक्यतो पहाटे, आकडे वहीत लिहा आणि शेजारी आदल्या रात्री भरलेल्या खोल्यांची संख्या लिहा.

महिनाभराने आलेखाच्या कागदावर आडव्या रेषेवर भरलेल्या खोल्या आणि उभ्या रेषेवर त्या दिवशीची युनिट मांडा. ठिपक्यांतून एक सरळ रेष ओढा. समजा १० खोल्या भरल्या तेव्हा ६०० युनिट आणि ४० भरल्या तेव्हा ९०० युनिट लागली. म्हणजे प्रत्येक जादा खोलीमागे १० युनिट, आणि एकही पाहुणा नसला तरी ५०० युनिट. हॉटेल पूर्ण भरलेल्या दिवशीसुद्धा निम्म्याहून अधिक वीज पाहुण्यांच्या वागण्यावर अवलंबून नाही! ती मार्गिकेतले दिवे, शीतगृह, पंप, पंखे, गरम पाण्याचे अखंड फिरणे यांत जाते. असा आलेख हातात आला की खोलीत कार्डे ठेवायची की पंपखान्यात उतरायचे, हा वाद मिटतो.

पाण्यासाठी याहून सोपी चाचणी आहे. मुख्य मीटर रात्री २ ला आणि ४ ला वाचा. त्या वेळी लॉन्ड्री बंद, टाक्या भरणे बंद, बहुतेक पाहुणे झोपेत. तरीही काटा लक्षणीय पुढे सरकला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि बहुतेकदा ती शौचालयाच्या टाकीत असते. प्रत्येक टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाका आणि २०-३० मिनिटे फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचे रबरी झाकण किंवा त्याची बैठक खराब झाली आहे. रबर पाण्यातल्या क्लोरीनने कडक होते, ते दर काही वर्षांनी बदलावेच लागते. टाकीत टाकायच्या निळ्या गोळ्यांनी ते लवकर खराब होते, त्या बंद करा.

सौर पॅनेल वाईट नाहीत. पण गळक्या व्यवस्थेला लागणाऱ्या विजेच्या मापाने पॅनेल घेतली, तर ती गळतीही कायमची विकत घेतल्यासारखे होते.

प्रश्न : कमी पाण्याचे शॉवर बसवले. खालच्या मजल्यावर ठीक, वरच्या मजल्यावरून रोज तक्रारी. शिवाय गरम पाणी यायला फार वेळ लागतो असेही पाहुणे म्हणतात. शॉवर परत काढावेत का?

काढू नका, पण सगळीकडे एकच शॉवर चालेल हा हिशेब चुकला आहे. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. १० मीटर उंचीला साधारण १ बार. वरच्या मजल्याचा नळ टाकीच्या तळापासून ३ मीटर खाली असेल, तर तिथे दाब ०.३ बार. हवा मिसळणाऱ्या बहुतेक शॉवरना नीट चालायला १ बारच्या आसपास दाब लागतो. त्याखाली धार तुटते आणि थेंब गळतात. वरच्या दोन मजल्यांसाठी छोटा दाबवर्धक पंप, नाहीतर कमी दाबासाठी बनवलेला शॉवर, असे दोनच मार्ग आहेत. खालच्या मजल्यांवर उलट अडचण असते. तिथे दाबानुसार स्वतः आकुंचन पावणारा रबरी प्रवाह-नियंत्रक घाला, म्हणजे दाब कितीही असला तरी प्रवाह ठरलेलाच राहतो.

मोजायचे कसे? बादली धरून पूर्ण उघडा शॉवर १० सेकंद सोडा, पाणी मोजा, ६ ने गुणा. जुने शॉवर मिनिटाला १२ ते १५ लिटर किंवा त्याहून अधिक देतात. ७.५ ते ९ लिटरवर चांगला शॉवर असेल तर पाहुण्याला फरक जाणवत नाही. ६ च्या खाली गेलात की तक्रारी येणारच, आणि लोक जास्त वेळ शॉवरखाली उभे राहतात ते वेगळेच. बेसिनच्या नळाला मात्र मिनिटाला ४ लिटरही पुरतात.

आता उशिराबद्दल. मुख्य वाहिनीपासून शॉवरपर्यंत आतून २० मिमी व्यासाची १५ मीटर नळी असेल, तर तिच्यात सुमारे ४.७ लिटर थंड पाणी पडून असते. मिनिटाला १२ लिटर वाहताना ते २४ सेकंदांत निघून जायचे, ६ लिटरवर ४७ सेकंद लागतात. दोष शॉवरचा नाही, लांब आणि जाड फाट्याचा आहे. गरम पाण्याची फिरती वाहिनी खोलीच्या जवळून न्या, फाटा आखूड आणि बारीक करा, दोन्हींना उष्णतारोधक आवरण घाला. इमारत जुनी असेल तर हे काम पुढच्या स्नानगृह दुरुस्तीसोबतच करा, फक्त यासाठी भिंती फोडणे परवडत नाही.

प्रश्न : इंधन वाचवण्यासाठी गरम पाण्याची टाकी ४५ अंशांवर ठेवली. नाहीतरी अंघोळीला ४० अंशच लागतात. काही तोटा?

मोठा तोटा आहे. आधी तापमान वाढवा, मग पुढचे वाचा.

लिजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात वाढतात. शॉवरच्या सूक्ष्म तुषारांतून ते फुप्फुसात गेले की जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो. या आजाराची ओळखच एका हॉटेलातून झाली : १९७६ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. तिथे राहिलेले अनेक जण आजारी पडले आणि काही दगावले. कारण असलेला जिवाणू १९७७ मध्ये सापडला.

म्हणून टाकीत पाणी ६० अंश किंवा अधिक, फिरून परत येणारे पाणी किमान ५० अंश, आणि थंड पाणी २० अंशांखाली ठेवणे शक्य असेल तर तसे. उष्ण हवामानात थंड पाणी २० च्या खाली राहत नाही. तिथे योग्य क्लोरीन ठेवणे आणि पाणी साचू न देणे यांवर भर द्यावा लागतो. रिकाम्या खोलीतले सगळे नळ आणि शॉवर आठवड्यातून एकदा काही मिनिटे उघडावेत. तुषार उडू नयेत म्हणून शॉवरचे तोंड बादलीत किंवा पिशवीत धरून सोडा. कुठलेही उपकरण काढून टाकल्यावर मागे उरलेली बंद नळी मुळापासून कापा. साठलेल्या पाण्याची अशी टोके म्हणजे जिवाणूंची रोपवाटिका. शॉवरच्या जाळीवरचा क्षारांचा थर दर तीन महिन्यांनी काढा.

६० अंशांचे पाणी थेट नळाला दिले तर काही सेकंदांत त्वचा भाजते. त्यावर उपाय टाकी थंड करणे हा नाही. खोलीजवळ तापमान-नियंत्रित मिश्रक झडप बसवून शॉवरला ४१-४३ अंशांचे पाणी द्या. या झडपांची जाळी वर्षातून एकदा तरी साफ करावी लागते आणि थंड पाणी बंद केल्यावर गरम पाणी आपोआप थांबते का, हेही तपासावे लागते.

इंधन वाचवायचे असेल तर पाणी तापवण्याची पद्धत बदला. १,००० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला विजेच्या हीटरला सुमारे ४६.५ युनिट लागतात. हीट पंप म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणारे यंत्र. त्याचा गुणांक, म्हणजे एका युनिट विजेमागे मिळणारी उष्णता, ३ धरला तर १५.५ युनिट. दोन खाचखळगे मात्र आधी समजून घ्या. एक, ६० अंशांवर अनेक साध्या हीट पंपांची कार्यक्षमता घसरते, म्हणून विक्रेत्याकडून ४५ अंशांचा नव्हे, ६० अंशांचा आणि तुमच्या भागातल्या सर्वांत थंड महिन्यातला गुणांक लेखी मागा. दोन, कार्बन डायऑक्साइडवर चालणारे हीट पंप ६५ अंशांहून गरम पाणी सहज देतात, पण त्यांना आत येणारे पाणी थंड हवे असते. फिरून आलेले ५० अंशांचे पाणी थेट त्यांत सोडले की सगळा फायदा बुडतो. फिरत्या वाहिनीची उष्णता भरून काढायला वेगळा छोटा हीटर ठेवा आणि हीट पंपाला फक्त ताजे थंड पाणी द्या.

प्रश्न : टॉवेल पुन्हा वापरा, असे कार्ड आम्ही दोन वर्षे ठेवतो आहोत. धुण्याचे वजन तसूभरही कमी झाले नाही. पाहुणेच बेफिकीर असावेत का?

पाहुण्यांना दोष देण्याआधी एक सकाळ हाउसकीपिंगच्या ट्रॉलीमागे फिरा. बहुतेक ठिकाणी पाहुणा टॉवेल दांडीवर टांगतो आणि कर्मचारी तो तरीही काढून नवा ठेवतात. खोली ‘नीट’ दिसण्यावर त्यांचे मूल्यमापन होत असते, कार्डावर नाही. दोनदा असे झाले की पाहुणा कार्डाकडे पाहणेच सोडतो. १९८६ मध्ये जे वेस्टरव्हेल्ड या अमेरिकी पर्यावरण कार्यकर्त्याने याच टॉवेल-कार्डांवर टीका केली होती, की पृथ्वी वाचवण्याच्या नावाखाली हॉटेल स्वतःचा धुण्याचा खर्च वाचवते. तो संशय अजून गेलेला नाही.

नियम एका ओळीचा ठेवा : टांगलेला टॉवेल बदलायचा नाही, जमिनीवरचा बदलायचा. पर्यवेक्षकाच्या तपासणीच्या यादीत ‘टांगलेले टॉवेल जागेवर’ हा मुद्दा घाला, नाहीतर नियम कागदावर राहतो. दोन पाहुण्यांच्या खोलीत चार टॉवेल सुटे पसरवून वाळतील इतकी दांडी आहे का तेही पाहा. एका हुकावर एकावर एक अडकवलेले ओले टॉवेल सकाळपर्यंत कुबट वास मारतात आणि पाहुणा ते नाइलाजाने जमिनीवर टाकतो. स्नानगृहाचा हवा खेचणारा पंखा बंद असेल तर दांडीही उपयोगाची नाही.

कार्डाच्या मजकुराने फरक पडतो, पण मर्यादित. गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस यांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पर्यावरण वाचवा अशा नेहमीच्या विनंतीला सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी प्रतिसाद दिला. बहुसंख्य पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात असे सांगितल्यावर ४४ टक्के. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात ‘याच खोलीत राहिलेल्या’ पाहुण्यांचा उल्लेख केला तेव्हा ४९ टक्के. मात्र असे वाक्य तुमच्या हॉटेलात खरे असेल तरच लिहा. आधी महिनाभर मोजा.

खोलीची रोजची सफाई नको असल्यास सवलत, ही योजना काही हॉटेले राबवतात. तिच्यात एक अडचण दडलेली असते : चार दिवस न झाडलेली खोली शेवटी दुप्पट वेळ खाते, जास्त रसायन मागते, आणि त्या चार दिवसांचे काम गेल्यामुळे रोजंदारीवरच्या कर्मचाऱ्याचा पगार कापला जातो. सफाई टाळण्याला तीन रात्रींची मर्यादा घाला, कचरा आणि ओले टॉवेल रोज उचला, आणि शेवटच्या सफाईला वेळापत्रकात जादा मिनिटे द्या.

प्रश्न : लॉन्ड्रीत धुण्याचे तापमान ७० वरून ४० अंशांवर आणले. दोन महिन्यांत चादरी करड्या पडल्या, काही इस्त्रीनंतर पिवळ्या. कमी तापमानात धुणे शक्यच नाही का?

शक्य आहे. पण तापमान, वेळ, रसायन आणि घुसळण या चारांपैकी एक कमी केले की बाकीच्यांतून ते भरून काढावे लागते. तुम्ही बहुधा फक्त तापमान कमी केले. नेहमीचे हायड्रोजन पेरॉक्साइडचे ब्लीच ६० अंशांच्या खाली फारसे काम करत नाही. ४० अंशांसाठी पेरॲसेटिक आम्लावर आधारित ब्लीच आणि त्या तापमानाला चालणारा डिटर्जंट लागतो. पुरवठादाराला स्पष्ट विचारा : हे उत्पादन किती अंशांसाठी आहे, आणि पाण्याची कठीणता किती असताना किती मात्रा? कठीण पाण्यात डिटर्जंटचा मोठा भाग कॅल्शियमशी लढण्यातच संपतो. निघालेला मळ मग पाण्यात तरंगत न राहता पुन्हा कापडावर बसतो, आणि करडेपणा येतो तो त्यामुळेच.

इस्त्रीनंतरचा पिवळेपणा वेगळा. शेवटच्या पाण्यानंतरही कापडात डिटर्जंटची अल्कली राहिली की गरम इस्त्रीखाली कापड पिवळे पडते. पिळून काढलेल्या ओल्या चादरीवर फिनॉल्फ्थॅलिन या अल्कली ओळखणाऱ्या द्रवाचा थेंब टाका. गुलाबी झाला तर अल्कली शिल्लक आहे. खळबळण्याचे एक पाणी वाढवा किंवा शेवटच्या पाण्यातल्या आम्लाची मात्रा दुरुस्त करा, पीएच ५.५ ते ६.५ मध्ये यायला हवा. थेंब गुलाबी झाला नाही आणि तरीही पिवळेपणा असेल, तर पाण्यातले लोह तपासून घ्या. क्लोरीनचे ब्लीच आणि हे आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. मात्रा देणाऱ्या पंपाच्या नळ्यांची अदलाबदल झाल्याने असे अपघात होतात, म्हणून नळ्या आणि डबे रंगांनी ओळखता येतील असे ठेवा.

किती कपडे भरायचे? सुतीसाठी ड्रमच्या दर १० लिटर आकारमानाला १ किलो कोरडे कापड. २५० लिटरच्या ड्रमला २५ किलो. सुती-पॉलिएस्टर मिश्रणासाठी दर किलोला १२-१३ लिटर जागा द्या. बरीच यंत्रे कपडे १५ किलो असोत की २५, पाणी तेवढेच घेतात. त्यामुळे दाराशी वजनकाटा नसलेली लॉन्ड्री निम्मे पाणी नुसते गटारात सोडत असू शकते. दुसऱ्या टोकाला, दार दाबून बंद करावे लागेल इतके भरले तर कापड घुसळले जात नाही आणि मळ तसाच राहतो.

बचतीची सर्वांत मोठी आणि दुर्लक्षित जागा पिळणीत आहे. २५ किलो कपड्यांत पिळल्यावर ९० टक्के पाणी राहिले तर वाळवणी यंत्राला २२.५ लिटर पाणी उडवावे लागते. पिळणी चांगली असेल आणि ५५ टक्के राहिले तर १३.७५ लिटर. प्रत्यक्षातल्या वाळवणी यंत्राला लिटरमागे १ युनिटच्या आसपास ऊर्जा लागते, म्हणजे एका खेपेत जवळपास ९ युनिट वाचतात. पिळण्याची दोन मिनिटे वाढवून हे साधते. मिश्रणाच्या कापडाला पिळण्याआधी पाणी हळूहळू थंड करा, नाहीतर न जाणाऱ्या सुरकुत्या पडतात.

तेलकट कापड मात्र ४० अंशांच्या यादीत घालू नका. स्वयंपाकघराची फडकी आणि मालिशचे टॉवेल ६० अंश किंवा अधिक तापमानाला, स्वतंत्र खेपेत. त्यांत उरलेले तेल वाळवणीनंतर गरम ढिगात स्वतःहून तापत जाऊन आग लागू शकते. वाळवणीच्या शेवटी थंड हवेचा टप्पा कधीच कापू नका, गरम टॉवेल रचून ठेवू नका, आणि कापसाच्या तंतूंची जाळी दिवसातून अनेकदा झटका. रात्री लॉन्ड्री बंद करण्याआधी यंत्र रिकामे आहे ना, हे पाहणे कोणाच्या तरी नावावर लिहिलेले असावे.

शेवटच्या खळबळण्याचे पाणी टाकीत घेऊन पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला वापरता येते. त्याच दिवशी संपवा, रात्रभर ठेवले की वास येतो.

प्रश्न : खोलीत कार्ड घातल्यावरच वीज चालू होते, तरीही एसीचा वापर कमी होत नाही. हालचाल ओळखणारे सेन्सर लावले तर रात्री पाहुणे उकाड्याने जागे होतात.

कार्डाच्या खाचेत ओळखपत्रापासून कागदाच्या तुकड्यापर्यंत काहीही चालते, आणि स्वागतकक्ष दुसरे कार्ड आनंदाने देतो. त्यावर फार भिस्त ठेवू नका.

सेन्सरचा दोष त्याच्या तर्कात आहे. झोपलेला माणूस हलत नाही, म्हणून नुसत्या हालचालीवर चालणारे यंत्र खोली रिकामी समजते. दारावर चुंबकी संपर्क जोडा आणि तर्क असा बसवा : दार उघडून बंद झाले, त्यानंतर एकदा जरी हालचाल दिसली, तर पुढे दार उघडेपर्यंत खोली भरलेलीच मानायची. दार बंद झाल्यानंतर १५-२० मिनिटे काहीच हालले नाही, तरच रिकामी. स्नानगृहातली हालचाल दिसत नसेल तर तिथे दुसरा सेन्सर लागतो. बाल्कनीच्या दारालाही संपर्क हवा, पण एक-दोन मिनिटांच्या विलंबाने, नाहीतर पाहुणा बाहेर डोकावला तरी एसी बंद.

रिकाम्या खोलीत एसी पूर्ण बंद करणे दमट हवेत अंगाशी येते. गाद्या आणि पडदे ओल धरतात, बुरशी येते, आणि वास घालवायला वापरलेली सुगंधी फवारणी आणखी एक प्रदूषण. तापमान २६-२८ अंशांवर सोडा.

शीतद्रव्याची, म्हणजे एसीत फिरणाऱ्या ‘गॅस’ची, गळती हिशेबात धरा. आर-४१०ए हे १ किलो हवेत गेले तर त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइडइतका. आर-३२ चा त्याच्या एक तृतीयांश. ‘गॅस भरला’ एवढीच नोंद करणारा तंत्रज्ञ बदला. गळती कुठे होती, ती कशी बंद केली आणि किती किलो भरले, हे तिन्ही लिहून घ्या.

प्रश्न : बुफेतले उरलेले अन्न कमी कसे करावे? पदार्थ कमी केले तर मांडणी रिकामी दिसते.

दोन आठवडे चार वेगळ्या बादल्या ठेवा : साठवणीत खराब झालेले, चिरताना-निवडताना निघालेले, बुफेत उरलेले, ताटात उरलेले. प्रत्येक जेवणानंतर रिकाम्या बादलीचे वजन वजा करून मोजा आणि जेवलेल्यांच्या संख्येने भागा. सूपसारखे पातळ पदार्थ मोरीत ओतले जातात आणि मोजणीतून सुटतात, त्यांच्यासाठी वेगळे भांडे ठेवा. ताटातले उरलेले सर्वांच्या डोळ्यांवर येते, म्हणून पाट्या त्याच्याच लागतात. मोजल्यावर पुष्कळदा बुफेतले उरलेले त्याहून जड भरते.

मांडणी रिकामी दिसू नये यासाठी भांडी लहान घ्या, उथळ घ्या आणि वारंवार भरा. शेवटच्या पाऊण तासात मोठे भांडे काढून त्याजागी आणखी छोटे ठेवा, नंतर मागणीनुसार करून द्या. किती बनवायचे याचा आकडा आदल्या आठवड्याच्या त्याच वाराच्या वजनावरून काढा, मुख्य स्वयंपाक्याच्या भीतीवरून नव्हे. ताटांचा आकार कमी करण्याचा उपाय नॉर्वेतल्या हॉटेलांत तपासला गेला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लहान ताटांनी वाया जाणारे अन्न सुमारे २० टक्क्यांनी घटले. पुन्हा वाढून घ्यायला या, असे सांगणाऱ्या पाटीनेही जवळपास तेवढेच.

काटकसरीच्या नादात बुफेत मांडलेले पुन्हा साठवू नका. गरम ६० अंशांवर आणि थंड ५ अंशांखाली ठेवलेले, आणि मुख्य म्हणजे बाहेर न मांडलेले अन्नच पुढे वापरण्याजोगे. ते लवकर थंड करा : दोन तासांत २१ अंशांपर्यंत, पुढच्या चार तासांत ५ पर्यंत. खोल पातेल्यात हे कधीच साधत नाही. ५ सेंटिमीटरहून उथळ परातीत पसरा.

प्रश्न : २४ तासांत खत करणारे यंत्र घेतले. खत बागेत टाकल्यावर दुर्गंधी आणि माश्या.

ते खत नाही, वाळवलेले अन्न आहे. यंत्र उष्णतेने पाणी उडवते, वजन घटते, आणि भुगा खतासारखा दिसतो. पाणी लागले की तो पुन्हा कुजायला लागतो. मूठभर भुगा ओला करून बंद पिशवीत तीन दिवस ठेवा. वास आला किंवा पिशवी गरम लागली तर शंका फिटली. विजेचाही विचार करा : १०० किलो ओल्या कचऱ्यात ७५ किलोच्या आसपास पाणी असते आणि ते उडवायला ५० युनिटहून कमी लागत नाहीत.

यंत्र फेकू नका. भुग्याला खताचा कच्चा माल माना. आकारमानाने एक भाग भुग्याला दोन ते तीन भाग कोरडा पाला किंवा लाकडाचा चुरा मिसळा, मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब येईल इतके ओले करा आणि ढीग घाला. आतले तापमान ५५ अंशांवर तीन दिवस टिकले पाहिजे. मग उलटापालट, आणि पुढे महिना-दोन महिने मुरवणे. अमोनियाचा वास आला तर पाला कमी पडला आहे, सडक्या अंड्याचा आला तर पाणी जास्त आणि हवा कमी झाली आहे.

याच संदर्भात एक पत्र ‘विघटनशील’ पेले आणि चमच्यांबद्दल होते. पीएलए या वनस्पतींपासून बनवलेल्या प्लॅस्टिकच्या वस्तूंना ५८ अंशांच्या आसपासचे औद्योगिक खत केंद्र लागते. ते जवळ नसेल तर त्या साध्या प्लॅस्टिकसारख्याच पडून राहतात. धुऊन वापरायचे पेले घ्या.

प्रश्न : छोट्या बाटल्यांऐवजी भिंतीवर शाम्पूचे मोठे डबे लावायचे आहेत. स्वच्छतेबद्दल शंका वाटते.

शंका रास्त आहे, पण ती वरून ओतून भरायच्या डब्यांबद्दल. अर्धवट रिकाम्या डब्यात नवे द्रव ओतत राहिले की तळाचे कधीच बदलत नाही आणि त्यात जिवाणू वाढतात. कोणी पाणी मिसळले तर आणखी लवकर. पंपासह बदलता येणारी सीलबंद पिशवी किंवा बाटली घ्या, कुलूपबंद चौकटीत बसवा, आणि उरलेले दिसेल अशी अरुंद खिडकी असू द्या. बसवल्याची तारीख आतल्या बाजूला लिहा. कॅलिफोर्नियात २०२३ पासून ५० हून अधिक खोल्यांच्या हॉटेलांना आणि २०२४ पासून लहान हॉटेलांनाही या छोट्या बाटल्या देण्यास मनाई आहे.

प्रश्न : एखादे हिरवे प्रमाणपत्र घ्यावे का? संकेतस्थळावर ‘पर्यावरणस्नेही हॉटेल’ असे लिहिले तर चालेल?

प्रमाणपत्र घेताना ते कोण देते आणि प्रत्यक्ष येऊन तपासते कोण, हे दोन प्रश्न विचारा. जीएसटीसी (जागतिक शाश्वत पर्यटन परिषद) ही संस्था पर्यटनाचे निकष ठरवते, स्वतः हॉटेलला प्रमाणपत्र देत नाही. ती प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देते. १९९४ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेली ग्रीन की ही योजना हॉटेलच्या कामकाजावर भर देते. नवी इमारत बांधत असाल तर एज ही योजना पाहा. तिथे ऊर्जा, पाणी आणि बांधकाम-साहित्य या तिन्हींत किमान २० टक्के बचत दाखवावी लागते. केवळ शुल्क भरून आणि स्वतः अर्ज भरून मिळणारी ढाल भिंतीवर लावण्यात अर्थ नाही.

‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द टाळा. युरोपीय संघाचा २०२४ चा ग्राहकविषयक निर्देश २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होतो, आणि त्यात पुराव्याविना असे मोघम दावे तसेच इतरत्र झाडे लावून ‘कार्बन-शून्य’ झाल्याचे दावे यांना बंदी आहे. तुमचे हॉटेल तिथे नसले तरी मोठ्या कंपन्यांचे प्रवास-विभाग आता तसेच पुरावे मागतात. भरलेल्या एका खोलीच्या एका रात्रीमागे किती लिटर पाणी, किती युनिट वीज, किती किलो अन्न वाया, हे तीन आकडे द्या. कोणत्या वर्षाशी तुलना आहे ते लिहा. लॉन्ड्री बाहेरून करून घेत असाल तर तिचे पाणी धरले आहे की नाही हेही लिहा. लॉन्ड्री बाहेर दिली की आकडा एका महिन्यात सुंदर दिसू लागतो, आणि अनुभवी तपासनीस पहिला प्रश्न तोच विचारतो. कार्बनचा हिशेब एचसीएमआय या हॉटेलांसाठीच्या पद्धतीने करा. बाहेरच्या लॉन्ड्रीचे उत्सर्जन कसे धरायचे हे तिच्यात ठरवलेले आहे, त्यासाठी लॉन्ड्रीवाल्याकडून दरमहा धुतलेल्या कपड्यांचे वजन मागून ठेवा.